स्टेनलेसच्या जाळीला तांबूस डाग का पडतात?

प्रश्न : आमचं घर समुद्राजवळ आहे. दोन वर्षांपूर्वी खिडक्यांना स्टेनलेस स्टीलची सुरक्षा-जाळी बसवली. आता तिच्यावर तांबूस ठिपके दिसतात. नवल असं की पावसाचा मारा खाणारी खिडकी स्वच्छ आणि छज्जाखालची डागाळलेली. जाळीला लोहचुंबकही किंचित चिकटतो. आम्हाला खोटा माल दिला का?

उत्तर : चुंबकावरून माल खोटा ठरवू नका. ३०४ ग्रेडची, म्हणजे नेहमीच्या स्टेनलेसची, तार बारीक ओढली की तिची अंतर्रचना थोडी बदलते आणि ती चुंबकाला ओढली जाते.

खरं कारण तुमच्या छज्जाखालीच आहे. उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. छज्जाखाली ते साचतं, दमट हवेत ओलं होतं, सुकलं की आणखी तीव्र होतं. स्टेनलेसला राखतो तो क्रोमियम ऑक्साइडचा थर, जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा धरतो, पण मिठातलं क्लोराइड त्याला जागोजागी भोकं पाडतं. भिंग घेऊन बघा, डाग बहुधा दोन तारा एकमेकींवरून जातात तिथेच असतील. त्या फटीत पाणी अडतं, ऑक्सिजन पोचत नाही आणि थर सावरतच नाही.

मी जाळ्या बसवण्याच्या कामात आहे. तक्रार आली की आधी हे सांधे बघतो, मग चौकटीची कड. जवळपास साधं लोखंड ग्राइंडरने कापलं असेल तर त्याचे कण जाळीवर बसतात. गंजतात ते, नाव जाळीचं खराब होतं. स्क्रूही स्टेनलेसचेच हवेत, जस्ताचा मुलामा दिलेले आधी जातात. चौकट अॅल्युमिनियमची असेल तर मध्ये रबरी पट्टी हवीच, नाहीतर खाऱ्या ओलीत अॅल्युमिनियम खाल्लं जाऊन पांढरी भुकटी सुटते.

समुद्राजवळ ३०४ बसवायला मी नकारच देतो. ३१६ या ग्रेडमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, क्लोराइडपुढे तोच टिकाव धरतो. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि ३१६ लासुद्धा धुणं चुकत नाही.

महिन्यातून एकदा सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश, मग भरपूर साधं पाणी. छज्जाखालची खिडकी आधी घ्या. लोखंडी घासणी, ब्लीच, फरशीचं अॅसिड जाळीला लावू नका. डाग निघाला आणि खाली तार गुळगुळीत दिसली तर जाळी शाबूत आहे. भिंगातून खड्डे दिसले तर मात्र ती बदला.