मुलांचे धर्मशिक्षण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शाळा सुरू झाल्या की कॅथलिक धर्मग्रामांतील (म्हणजे एकेका चर्चच्या परिसरातील ख्रिस्ती समाजातील) रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्गही भरू लागतात आणि त्यांच्या मागोमाग पालकांची पत्रे येतात. यंदाच्या पत्रांतील काही प्रश्न संक्षेपाने मांडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी माध्यमात तिसरीत आहे. पुढील वर्षी तिचे प्रथम कम्युनियन (ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी भाकरी पहिल्यांदा घेण्याचा संस्कार) व्हायचे आहे. वर्गात प्रार्थना आणि प्रश्नोत्तरे इंग्रजीतून घोकून घेतात, घरी तिची आजी मराठीतून जपमाळ म्हणते आणि मुलीला दोन्हींचा अर्थ नीट लागत नाही. एवढे पाठांतर हवेच का? आणि आठ-नऊ वर्षांच्या लेकराला कम्युनियन म्हणजे काय हे खरोखर समजते का? – एक आई, नालासोपारा

उत्तर : आपला दुसरा प्रश्न ख्रिस्तसभेला (कॅथलिक चर्चला) काही शतके पडलेला होता. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने असे ठरवले, की समजत्या वयात आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे आणि ईस्टरच्या काळात कम्युनियन घ्यावे. परंतु समजते वय म्हणजे नेमके कोणते, याचा अर्थ निरनिराळ्या देशांत निरनिराळा लावला गेला आणि पुष्कळ ठिकाणी ते दहा, बारा, कोठे कोठे चौदा वर्षांपर्यंत लांबत गेले. पोप दहावे पायस यांच्या कारकिर्दीत, ८ ऑगस्ट १९१० रोजी निघालेल्या आदेशाने ही चालढकल थांबवली. मूल साधारण सात वर्षांचे झाले, नेहमीची भाकरी आणि ख्रिस्तशरीर यांतला भेद त्याला कळू लागला आणि श्रद्धेची मुख्य तत्त्वे त्याच्या कुवतीप्रमाणे त्याला ठाऊक झाली, की तेवढे पुरेसे आहे, असे त्या आदेशाने स्पष्ट केले. सध्या लागू असलेला १९८३ चा ख्रिस्तसभेचा कायदाही (कलम ९१३ आणि ९१४) त्याच धर्तीवर पुरेसे ज्ञान आणि काळजीपूर्वक तयारी मागतो, कम्युनियनपूर्वी पापनिवेदन व्हावे असे सांगतो आणि ही तयारी करून घेण्याचे कर्तव्य सर्वांआधी आईवडिलांवर टाकतो. आपल्याकडे बहुतेक धर्मग्रामांत हा समारंभ तिसरी-चौथीच्या सुमारास होतो, तो तयारीला वेळ मिळावा म्हणून. तेव्हा मुलीला सगळे समजायला हवे, हा भार आपण मनावरून उतरवावा. तसे पाहता ते सगळे समजले आहे, असे म्हणणारा प्रौढ मनुष्य मला अजून भेटलेला नाही.

पाठांतराविषयी मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत होणार नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी धर्मशिक्षणावर १९७९ साली काढलेल्या पत्रात येशूची वचने, दहा आज्ञा, विश्वासांगीकार (श्रद्धेची मुख्य तत्त्वे सांगणारी प्रार्थना) आणि नेहमीच्या प्रार्थना तोंडपाठ असण्याची गरज आवर्जून सांगितली आहे आणि त्याच वेळी जे पाठ केले ते मनात मुरत गेले पाहिजे, असेही बजावले आहे. लहान मुलांची स्मरणशक्ती तल्लख असते, त्यांना लय आवडते, आणि आज अर्थ न लागलेली ओळ पुढे एखाद्या कठीण प्रसंगी अर्थासकट आठवते. म्हणून ‘प्रभूची प्रार्थना’ किंवा पश्चात्तापाची प्रार्थना पाठ करून घेण्यात गैर काही नाही. मला खटकतात ती व्याख्यांची पाठांतरे. ‘संस्कार म्हणजे काय’ याचे तीन ओळींचे उत्तर बिनचूक म्हणणाऱ्या मुलाला आपला स्वतःचा बाप्तिस्मा कोणत्या चर्चमध्ये झाला आणि धर्मपिता-धर्ममाता कोण होते, हे ठाऊक नसते. घरातल्या आल्बममधला बाप्तिस्म्याचा फोटो काढून त्याविषयी तासभर बोलावे, मग ती व्याख्या आपोआप जागेवर बसते.

भाषेबद्दल म्हणाल तर मुलीला प्रार्थना दोन्ही भाषांतून येऊ द्याव्यात, पण अर्थ मराठीतून सांगावा, कारण ती आजीशी भांडते ती मराठीतून आणि रडते तीही मराठीतूनच. हा मार्ग काही नवा नाही. १५४२ साली गोव्यात आलेले संत फ्रान्सिस झेवियर रस्त्यातून घंटी वाजवत मुलांना गोळा करत आणि श्रद्धेची तत्त्वे त्यांच्याकडून गाऊन घेत. पुढे १६१६ साली गोव्यातील राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तेव्हा एका इंग्रज जेझुइटाने (येशूसंघातील धर्मगुरूने) बायबलमधील कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत बसवल्या होत्या. येथील माणसांच्या मनात जे उतरायचे ते येथील भाषेतून आणि छंदातूनच उतरेल, हे त्यांनी ओळखले होते. तेव्हा आजीच्या जपमाळेशेजारी मुलीने रोज दहा मिनिटे बसणे, हाही धर्मशिक्षणाचाच वर्ग आहे, असे समजावे.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. क्लासच्या चाचण्या रविवारी सकाळी असतात. तो म्हणतो, ‘दृढीकरण (बाप्तिस्म्यातील श्रद्धा दृढ करणारा, पवित्र तेल लावून दिला जाणारा संस्कार) एकदाचे उरकू द्या, मग मी वर्गाला जाणार नाही.’ त्याचे मित्रही हेच करतात. दृढीकरण दोन-तीन वर्षे पुढे ढकलले तर चालेल का? पुढे लग्नाच्या वेळी अडचण तर येणार नाही ना? – एक पालक, नंदाखाल

उत्तर : ख्रिस्तसभेच्या कायद्याचा भाग आधी सांगतो. दृढीकरण न झालेल्या कॅथलिक व्यक्तीने, फार मोठी अडचण नसेल तर, विवाहापूर्वी हा संस्कार घ्यावा, असे कलम १०६५ सांगते. मात्र तो घेतला नाही म्हणून विवाह रद्दबातल ठरत नाही. कोणाचा धर्मपिता व्हायचे असेल तर साधारणपणे सोळा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि दृढीकरणही झालेले असावे लागते. म्हणजे पुढे ढकलले तर आकाश कोसळणार नाही. पण पुढे ढकलल्याने आपला मूळ प्रश्न सुटणार आहे का? मुलगा आज नववीत सुटू पाहतो आहे, तो मग बारावीत सुटेल, इतकेच.

या स्थितीला मुलांपेक्षा आपण मोठी माणसे अधिक जबाबदार आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्गाची सारी वर्षे आपण दोन समारंभांना बांधून टाकली : तिसरी-चौथीत पांढरा पोशाख घालून प्रथम कम्युनियन, आठवी-नववी-दहावीत बिशपांच्या हस्ते तैलाभ्यंग आणि नंतर जेवण. मग मुलांनी दृढीकरणाला शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखे मानले, तर त्यांना दोष कसा द्यावा? वास्तविक दृढीकरण हा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा शेरा कधीच नव्हता. पौर्वात्य ख्रिस्तसभांत तो बाप्तिस्म्याबरोबरच तान्ह्या बाळाला देण्याची प्राचीन रीत आहे. दूर जायला नको. आपल्या शेजारी १९८८ साली धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेला आणि २०२५ साली महाधर्मप्रांत झालेला कल्याणचा सिरो-मलबार (केरळमधील पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेचा) महाधर्मप्रांत आहे आणि वसई-विरारमध्ये त्या परंपरेतील मल्याळी कुटुंबेही राहतात. त्यांच्या मुलांचा हा संस्कार पाळण्यातच होऊन जातो आणि तरीही त्यांचे रविवारचे वर्ग पहिलीपासून थेट बारावीपर्यंत चालतात. संस्काराचे आमिष नसतानाही वर्ग चालू शकतो, याचा याहून जवळचा पुरावा कशाला हवा?

अर्थात वर्गात बसावेसे वाटेल असे काहीतरी तेथे असले पाहिजे. नववीतल्या मुलासमोर पाचवीतलाच पाठ जरा मोठ्या अक्षरांत नव्याने ठेवला, तर तो पळणारच. या वयात त्याला शाळेत उत्क्रांती आणि आनुवंशिकता शिकवतात, आणि बायबलच्या पहिल्या पानावर सहा दिवसांत जग निर्माण झालेले असते. हा प्रश्न त्याने मित्रांत विचारण्याआधी वर्गात निघायला हवा. वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करणारा ग्रेगर मेंडेल हा ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू होता आणि विश्वाच्या प्रसरणाची व आरंभाची कल्पना मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हेही धर्मगुरूच होते, हे त्याला कोणी सांगितले आहे का? उत्पत्तीचे पुस्तक विज्ञानाचा पाठ म्हणून लिहिलेले नाही, गॅलिलिओच्या बाबतीत ख्रिस्तसभेची मोठी चूक झाली, निष्पाप माणसाला दुःख का भोगावे लागते या प्रश्नाशी बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकात उघड झगडा आहे, या गोष्टी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांशी न घाबरता बोलता येतात. तरुणांच्या भाषेत प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले ‘यूकॅट’ हे पुस्तक २०११ साली निघाले, ते याच वयासाठी आहे. वर्गात त्यातील एकच प्रश्न घेऊन तासभर वाद घातला तरी तो तास सत्कारणी लागेल. प्रेम, शरीर, मोबाइल, पैसा, मतदान, जात आणि हुंडा हे विषयही याच वर्षांत यायला हवेत. शेवटचे दोन विषय आपल्या समाजात नाहीत, असे कोणी म्हणू लागले तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी.

रविवार सकाळचे म्हणाल, तर धर्मशिक्षणाचा वर्ग त्याच वेळी भरला पाहिजे, असा नियम नाही; रविवारच्या मिस्सेला (चर्चमधील मुख्य उपासनेला) जाण्याचा मात्र आहे, आणि चाचणी सकाळी असेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्साही त्या कर्तव्यात धरली जाते. क्लासच्या वेळेशी झगडणारी पाच-सहा कुटुंबे मिळून प्रमुख धर्मगुरूंना भेटा आणि मोठ्या मुलांचा वर्ग शनिवारी सायंकाळी मागून घ्या. एकट्याने केलेली विनंती सबबीसारखी वाटते, सहा घरांनी केलेली विनंती वेळापत्रक बदलू शकते.

प्रश्न : मी हिंदू आहे, पत्नी कॅथलिक आहे. विवाहाच्या वेळी तिने मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचे वचन दिले, त्याला माझी हरकत नव्हती. मुलगा आता सहावीत आहे आणि वर्गाला जातो. गणपतीत तो माझ्या आईवडिलांकडे येतो. त्याला वर्गात आजोबांचा धर्म खोटा आहे, असे तर शिकवत नाहीत ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण हा प्रश्न मोकळेपणाने विचारलात, याचा आनंद वाटतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम ११२५ प्रमाणे मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे यासाठी आपल्याकडून होईल तेवढे सर्व करण्याचे वचन कॅथलिक जोडीदार देतो. दुसऱ्या जोडीदाराला त्या वचनाची वेळीच कल्पना दिली जाते, त्याच्याकडून मात्र वचन घेतले जात नाही. आपण आपला शब्द न देताही पत्नीचा शब्द पाळू देत आहात, हे मी विशेष मानतो.

जगभरातील कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज जाहीर केले, एक ख्रिस्ती शिक्षणावरचा आणि दुसरा इतर धर्मांशी असलेल्या नात्यावरचा. या दुसऱ्या दस्तऐवजात हिंदू धर्माचा नावाने उल्लेख आहे आणि या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे त्यात म्हटले आहे. येशू हाच तारणारा अशी आमची श्रद्धा आहे आणि वर्गात ती शिकवली जाणार, हे आपल्यापासून लपवणे बरे नव्हे. पण आजोबांचा देव खोटा, असे वाक्य कोणी शिक्षक उच्चारत असेल तर तो ख्रिस्तसभेची शिकवण देत नाही. तसे कानावर आले तर पत्नीला घेऊन प्रमुख धर्मगुरूंना जरूर भेटा. मुलाने आजोबांच्या घरी आरतीच्या वेळी आदराने उभे राहावे, मोदक खावेत, विसर्जनाला जावे. स्वतः पूजा करण्याचा प्रसंग आला तर तो त्याने का टाळला, हे आईने आजी-आजोबांना आधीच प्रेमाने सांगून ठेवावे. सहावीतल्या मुलाला सणाच्या दिवशी दोन घरांच्या मधोमध उभे करून उत्तर देण्यास भाग पाडू नये.

प्रश्न : आमच्या मिशनरी अनुदानित शाळेत एका तासाला कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना मूल्यशिक्षण असते. हे कायद्याला धरून आहे का? – एक शिक्षिका, वसई

उत्तर : राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते देता येते. परंतु विद्यार्थी अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीशिवाय त्याला त्या तासाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. ‘उपासना’ हा शब्द लक्षात ठेवावा, कारण तासाबद्दल दक्ष असलेल्या शाळा सकाळच्या प्रार्थनेबद्दल कधी कधी गाफील राहतात. कॅथलिक पालकांचीही संमती लेखी घेऊन ठेवावी आणि मूल्यशिक्षणाच्या तासाला खरोखर मूल्यशिक्षणच द्यावे.

जिल्हा परिषदेच्या किंवा अन्य संस्थांच्या शाळांत जाणाऱ्या आपल्या मुलांना हा तास मिळत नाही. त्यांच्यासाठी रविवारचा वर्ग हाच एक आधार असल्याने त्यांच्या हजेरीकडे धर्मग्रामाने अधिक लक्ष पुरवावे.

प्रश्न : आमच्या अकरा वर्षांच्या मुलाला बौद्धिक अपंगत्व आहे. तो बोलत नाही, वर्गात बसू शकत नाही. त्याला कम्युनियन मिळेल का? – आईवडील, आगाशी

उत्तर : होय, मिळू शकते, आणि आपण इतकी वर्षे थांबायला नको होते. शारीरिक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना त्यांच्या स्थितीला झेपेल तसे धर्मशिक्षण देण्याची जबाबदारी ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम ७७७ ने धर्मगुरूंवर टाकलेली आहे. व्याख्या म्हणून दाखवण्याची अट त्याला लागू नाही. ही भाकरी घरच्या भाकरीहून वेगळी आहे, हे तो शब्दांवाचून, शांत होण्यातून, हात जोडण्यातून किंवा वेदीकडे पाहण्यातून दाखवू शकतो, आणि ते सर्वांत आधी आपल्यालाच ओळखता येईल. प्रमुख धर्मगुरूंना घरी बोलवा, मुलाला त्यांची ओळख होऊ द्या. गर्दी नसलेल्या आठवड्यातील मिस्सेला त्याला काही वेळा पुढच्या बाकावर बसवा आणि अभिषेक न झालेली ओस्ती (कम्युनियनच्या भाकरीची पातळ चकती) चव कळावी म्हणून आधी देऊन पाहा, कारण अनोळखी चवीमुळे काही मुले ती तोंडातून काढून टाकतात. समारंभाच्या दिवसाचा आवाज आणि दिवे त्याला सोसणार नसतील, तर घरच्यांच्या उपस्थितीत एखाद्या साध्या मिस्सेत त्याचे प्रथम कम्युनियन व्हावे, अशी विनंती धर्मगुरूंना करा.