फुकट गाणी डाउनलोड करता यायला लागली की लोक गाणी विकत घेणं बंद करतात का?

काही प्रमाणात करतात. पण जेवढी डाउनलोड तेवढा तोटा, हा कंपन्यांचा हिशोब मला कधीच पटला नाही.

मी सोलापूरचा. स्वस्त नेट येण्याआधी आमच्याकडे गाणी 'भरून' मिळायची. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड काढून द्यायचं, दुकानदार विचारणार, "काय काय टाकू?" फोल्डर तयारच: भक्तिगीतं, लावणी, जुनी हिंदी, कन्नड, आणि पूर्व भागातल्या गिऱ्हाइकांसाठी तेलुगू. वीस-तीस रुपयांत कार्ड गच्च. प्रत्येक गाण्याच्या नावाला कुठल्या तरी साइटचं शेपूट चिकटलेलं. त्यातली निम्मी गाणी कुणी ऐकतही नसे. चारशे गाणी भरून नेणारा माणूस तेवढ्या गाण्यांच्या कॅसेटी थोड्याच घेणार होता?

पण गड्ड्याच्या जत्रेत, नाहीतर पंढरपूरहून येताना तो दोन-चार कॅसेटी घ्यायचा, त्या मात्र बंद झाल्या. खरा तोटा तेवढा. आणि गंमत बघा, खिशातून पैसे जातच होते, फक्त ते दुकानदाराच्या गल्ल्यात थांबायचे.

अभ्यासकांचंही यावर एकमत नाही. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ यांनी 2007 साली अमेरिकेतल्या आकड्यांवरून लिहिलं की डाउनलोडचा विक्रीवर परिणाम जवळपास शून्य. लीबोविट्झ वगैरेंनी ते साफ खोडून काढलं. माझा कौल लीबोविट्झकडे थोडा जास्त, कारण 1999 मध्ये नेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घेता येणारं नॅप्स्टर आलं आणि त्यानंतर जगभरातली विक्री दीड दशक घसरतच गेली. सगळं खापर डाउनलोडवर फोडता येत नाही हेही खरं. एका गाण्यासाठी अख्खा अल्बम घ्यायची सक्ती ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन गाण्यांच्या दुकानाने 2003 मध्ये मोडली, तीही कायदेशीर मार्गाने. पुढे धंदा सावरला तो स्ट्रीमिंगच्या वर्गणीवर.

आपल्याकडे आणखी एक बाजू आहे. ऑर्केस्ट्रात किंवा जागरणात गाणाऱ्याचं गाणं कार्डाकार्डांत फिरलं, तर त्याला सुपाऱ्या मिळतात. त्याचं पोट कॅसेटवर कधी नव्हतंच. गीतकार-संगीतकाराला मात्र सुपारी कोण देणार? 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात त्यांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, पण कार्ड भरून देणाऱ्या दुकानातून ती वसूल कोण करणार होतं?