यूबी४० नुसता कव्हर बँड आहे का? आधी 'सायनिंग ऑफ' ऐका, मग बोलू

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही लेस्टरला राहता, नवऱ्याने यूबी४० या बर्मिंगहॅमच्या रेगे (जमैकाचं संगीत) बँडची तिकिटं काढलीयत, आणि ऑफिसातला एक रेगेवाला मित्र म्हणतोय की हा लोकांची गाणी वाजवणारा लग्नाचा ऑर्केस्ट्रा आहे, खऱ्या रेगेशी काही संबंध नाही. जावं का, आणि जायच्या आधी काय ऐकावं?

जा. बिनधास्त जा. पण मित्राचं अगदीच चुकलंय असं नाही, त्याने बहुतेक चुकीच्या टोकाने ऐकायला सुरुवात केलीय, आणि मीही तसंच केलं होतं. माझ्याकडे पहिल्यांदा त्यांची कॅसेट आली ती १९९३ सालची, 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' असलेली. एल्व्हिसचं १९६१ चं गाणं, यांनी त्याला रेगेचा झोका दिला आणि ते अमेरिकेत सात आठवडे एक नंबरला होतं. मला वाटलं गोड आवाजाचे हसतमुख लोक आहेत, गोव्याच्या शॅकमध्ये संध्याकाळी लावायला बरे. पुढे नोकरीसाठी दोन वर्षं बर्मिंगहॅमला होतो, तिथे घरमालकाने त्याच्या तरुणपणीची एलपी काढून दाखवली आणि म्हणाला हे बघ, हे आमचे. ते कव्हर बघून माझं मत तिथल्या तिथे बदललं.

त्या एलपीचं कव्हर म्हणजे एक पिवळट सरकारी कार्ड आहे. हेच यूबी४०. अनएम्प्लॉयमेंट बेनिफिट, फॉर्म ४०. आपल्याकडे पूर्वी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून कार्ड घेऊन यायचे ना, तसंच, फक्त तिथे कार्ड दाखवल्यावर बेकारभत्ता मिळायचा. ठरलेल्या दिवशी जाऊन सही करायची, त्याला साइन ऑन म्हणायचे, आणि नोकरी लागली की साइन ऑफ. बँडने पहिल्या अल्बमचं नाव ठेवलं 'सायनिंग ऑफ', म्हणजे चला, आता आमचा भत्ता बंद करा. १९७८ च्या शेवटाला आठ पोरं जमली, त्यातली बरीचशी खरोखरच बेकार, आणि त्यांनी बँडला त्या कार्डाचंच नाव दिलं. म्हणजे जो कोणी भत्त्याच्या रांगेत उभा होता त्याच्या खिशात बँडचं नाव आधीपासूनच होतं, याहून चांगली जाहिरात कोणती असणार!

आता ही पोरं कुठली ते बघा, कारण सगळं त्यातच आहे. बर्मिंगहॅमचा मोझली-बॉल्सल हीथ भाग, जमैकाहून आलेले, आयरिश, पाकिस्तानी, बंगाली सगळे एकाच गल्लीत. अर्ल फॉल्कनर (बेस) आणि अ‍ॅस्ट्रो (टोस्टिंग म्हणजे तालावर लयीत बोलणं, आणि ट्रम्पेट) जमैकन घरातले, नॉर्मन हसनचं घराणं येमेनचं, ब्रायन ट्रॅव्हर्स सॅक्सोफोनवर, जिमी ब्राऊन ड्रम्सवर, मिकी व्हर्च्यू कीबोर्डवर, आणि अली व रॉबिन हे कॅम्पबेल भाऊ, म्हणजे स्कॉटिश. यांचे वडील इयन कॅम्पबेल हे साठच्या दशकातले नावाजलेले लोकगीत गायक, 'द सन इज बर्निंग' हे अणुबाँबविरोधी गाणं त्यांचं, जे पुढे सायमन आणि गारफंकलने गायलं. पोरांनी वडिलांची फोक गाणी घेतली नाहीत पण गाण्यातून सरकारला चार शब्द सुनवायचे असतात हे मात्र घरातूनच उचललं असावं, असं आपलं माझं मत. कानावर पडत होतं ते शेजारच्या घरातलं, म्हणजे जमैकाच्या सिंगल्स, ब्लूज पार्ट्या म्हणजे घरातल्या नाचगाण्याच्या पार्ट्या, यू-रॉय आणि बिग यूथसारखे टोस्टर. गोऱ्या पोरांनी रेगे का वाजवावा असा प्रश्न लोक विचारतात, अहो त्यांच्या गल्लीत तेच वाजत होतं!

वाद्यं कुठून आली तर, अलीच्या सतराव्या वाढदिवसाला पबमध्ये मारामारी झाली, तोंडावर ग्लास फुटला, डोळ्याला इजा झाली आणि त्याची नुकसानभरपाई मिळाली चारेक हजार पौंड. त्यातून वाद्यं घेतली. वाजवता फारसं कोणालाच येत नव्हतं, तळघरात बसून रेकॉर्डी लावायच्या आणि त्याबरोबर घासत बसायचं. फेब्रुवारी १९७९ मध्ये किंग्ज हीथच्या हेअर अँड हाउंड्स नावाच्या पबमध्ये पहिला कार्यक्रम झाला. पुढे प्रिटेंडर्स या रॉक बँडच्या गायिका क्रिसी हाइंडने त्यांना एका पबमध्ये ऐकलं आणि आपल्या टूरवर बरोबर घेतलं, मग गाडी सुटली.

'सायनिंग ऑफ' (१९८०) रेकॉर्ड झाला तो निर्माता बॉब लॅम्बच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात. स्टुडिओ वगैरे काही नाही, आठ ट्रॅकचं मशीन. सॅक्सोफोन स्वयंपाकघरात वाजवला कारण तिथे आवाज छान घुमायचा, आणि पर्कशन मागच्या बागेत, त्यामुळे काही ठिकाणी मागे पक्षी ऐकू येतात. तरीही हा अल्बम ब्रिटनमध्ये दोन नंबरपर्यंत गेला आणि वर्षभराच्या वर चार्टात राहिला. गाणी काय आहेत? 'टायलर' हे लुइझियानात खुनाच्या आरोपात शिक्षा झालेल्या गॅरी टायलर या काळ्या पोरावर, तो शेवटी २०१६ मध्ये सुटला. 'किंग' मार्टिन लूथर किंगवर. 'फूड फॉर थॉट' दुष्काळावर, आणि गंमत म्हणजे त्यातलं 'आयव्हरी मॅडोना' लोक वर्षानुवर्षं 'आय बिलीव्ह इन डॉना' असं म्हणत आलेत, भूकबळीच्या गाण्यात ही डॉना कोण कोणीच विचारलं नाही. सोबतच्या जादा रेकॉर्डवर 'मॅडम मेड्युसा' आहे, जवळजवळ तेरा मिनिटांचं, तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंवर. 'बर्डन ऑफ शेम' दक्षिण आफ्रिकेबाबत ब्रिटनच्या वागण्यावर होतं, आणि ग्रॅज्युएट रेकॉर्ड्स या त्यांच्या छोट्या कंपनीने दक्षिण आफ्रिकेतल्या आवृत्तीतून नेमकं तेच काढलं, तेव्हा यांनी कंपनी सोडून स्वतःचं डीईपी इंटरनॅशनल हे लेबल काढलं. त्यावर १९८१ मध्ये 'प्रेझेंट आर्म्स' आला, त्यातलं 'वन इन टेन' म्हणजे दहातला एक बेकार, गाणं म्हणणारा तो आकडाच, सरकारी कागदावरचा. लग्नाचा ऑर्केस्ट्रा असली गाणी वाजवत नाही हो, तुमच्या मित्राला सांगा.

आता कव्हरचा मुद्दा. १९८३ चा 'लेबर ऑफ लव्ह' पूर्ण दुसऱ्यांच्या गाण्यांचा आहे, मान्य. पण कोणाच्या? एरिक डॉनल्डसनचं 'चेरी ओ बेबी', जिमी क्लिफचं 'मेनी रिव्हर्स टू क्रॉस', स्लिकर्सचं 'जॉनी टू बॅड', मेलोडियन्सचं 'स्वीट सेन्सेशन'. म्हणजे १९७० च्या आगेमागे बॉल्सल हीथमध्ये वाजणारी जमैकन गाणी, जी गोऱ्या ब्रिटनने बऱ्याच अंशी ऐकलीच नव्हती. त्यातलंच 'रेड रेड वाइन'. हे नील डायमंडचं, पण यांना ते माहीतच नव्हतं! यांनी ऐकलं होतं टोनी ट्राइबचं १९६९ चं रेगे व्हर्जन, आणि अ‍ॅस्ट्रो सांगायचा की रेकॉर्डवर 'एन. डायमंड' असं वाचूनही आम्हाला वाटलं हा कोणीतरी नेगस डायमंड नावाचा जमैकन असणार. मला हा किस्सा फार आवडतो, कारण माझ्या कॅसेटवर तेवढंही नव्हतं आणि मी कित्येक वर्षं ते यूबी४०चंच समजत होतो. ब्रिटनमध्ये ते १९८३ ला एक नंबर, आणि अमेरिकेत पाच वर्षांनी, १९८८ मध्ये, मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या वेम्बलीच्या मैफलीत वाजल्यावर आणि फीनिक्सच्या एका रेडिओवाल्याने परत लावायला घेतल्यावर.

आणि तसं बघितलं तर कव्हर हा शब्दच इथे नीट बसत नाही. आपल्याकडे यमनातली एकच बंदिश दहा गवई गातात, कोणी म्हणतं का की हा कव्हर गायक आहे? कसा मांडला ते बघतात. जमैकात एकाच रिदमवर, म्हणजे ड्रम-बेसच्या एकाच चालीवर, पन्नास जण आपापलं गाणं रचतात, त्याला व्हर्जन म्हणतात, चोरी नाही. टेबलावर हळू एक-दोन-तीन-चार मोजा. रॉकमध्ये एकवर दणका असतो. रेगेच्या वन ड्रॉपमध्ये एकवर काहीच नाही, ड्रमचा ठोका तीनवर, आणि गिटारची ती चक्-चक् दोन आणि चारवर. म्हणजे समेवर शांतता! आपल्या कानाला पहिल्यांदा पायरी चुकल्यासारखं होतं, मग बेसच्या आधाराने चालायला लागतो. यूबी४०चा बेस मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, अर्धं गाणं तिथेच जातं.

तक्रार माझीही आहे. 'लेबर ऑफ लव्ह'चे पुढचे भाग काढत बसले, दुसऱ्यातलं 'किंग्स्टन टाउन' सोडून द्या, ते सुंदर आहे, पण चौथ्यापर्यंत धार राहिली नाही, आणि २०१३ मध्ये कंट्री गाण्यांचा रेगे अल्बम काढला तेव्हा अ‍ॅस्ट्रोच बँड सोडून गेला. तुमच्या मित्राने हाच काळ ऐकला असेल तर त्याला दोष देता येत नाही.

भांडणाचं थोडक्यात सांगतो कारण तुमच्या तिकिटाशी संबंध आहे. २००८ मध्ये पैशांच्या कारभारावरून अली बाहेर पडला, त्याच्या जागी त्याचाच भाऊ डंकन गायला आला, मिकीही गेला, पुढे अ‍ॅस्ट्रो येऊन अलीला मिळाला, आणि मग एकाच नावाचे दोन बँड, कोर्टबिर्ट सगळं झालं. २०११ मध्ये मूळ बँडमधल्या काहींचं दिवाळंही निघालं. २०२१ वाईट गेलं, ऑगस्टमध्ये ब्रायन ट्रॅव्हर्स आणि नोव्हेंबरमध्ये अ‍ॅस्ट्रो, दोघं गेले, आणि डंकन तब्येतीमुळे निवृत्त झाला. रॉबिन, जिमी, अर्ल, नॉर्मन यांचा बँड नवीन गायकाला घेऊन चालू आहे, बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या कॉमनवेल्थ गेम्सचं गाणंही त्यांनी केलं.

तेव्हा जायच्या आधी 'सायनिंग ऑफ' पूर्ण, मग 'वन इन टेन', मग पहिला 'लेबर ऑफ लव्ह', आणि जमलं तर त्यातल्या दोनतीन गाण्यांची मूळ जमैकन रेकॉर्डिंग्ज, टोनी ट्राइबचं तर नक्कीच. आणि नवऱ्याला तिकीट नीट वाचायला सांगा. नुसतं यूबी४० असेल तर रॉबिनवाला बँड, 'फीचरिंग अली कॅम्पबेल' असेल तर तो जुना आवाज. कुठलं निघालं ते इथे कळवा.