म्हापशात राहतो, गाडीत ५० वॅटचा हॅम रेडिओ (हौशी लोकांचा बिनतारी संच) बसवायचाय. लायटर सॉकेटमधून पॉवर घेतली तर चालेल का?

नको रे. ५० वॅटचा सेट बोलताना १०-१२ अँपिअर ओढतो आणि सॉकेटची वायर बारीक, मग बटण दाबलं की व्होल्टेज पडतं नाहीतर फ्यूजच जातो. जाड वायर थेट बॅटरीवरून घे, फ्यूज बॅटरीला खेटूनच लाव (सेटजवळ लावून उपयोग नाही, मधे वायर घासली तर आग), आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर सेटची निगेटिव्ह वायर तिथे न जोडता बॉडी अर्थला (गाडीच्या पत्र्याला) जोड. अँटेना छताच्या मधोमध, १४५ मेगाहर्ट्झला क्वार्टर वेव्ह (रेडिओ लहरीच्या लांबीच्या साधारण पाव भागाएवढी अँटेना) म्हणजे साधारण ४९ सेंमी. मॅग्नेट माउंट (चुंबकाने छताला चिकटणारा अँटेनाचा बूड) असेल तर पावसाळ्यात अधूनमधून उचलून पुसत जा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्याच्याखाली पाणी साचून पत्रा गंजतो. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत सेटकडे येते त्याचं माप) बघितल्याशिवाय फुल पॉवर मारू नको. हॅमचं लायसन्स आहे ना पण?