रूबी चॉकलेटचं हॉट चॉकलेट करडं का होतं, आणि गुलाबी कसं करायचं?

तुमचा प्रश्न असा: रूबी चॉकलेटचा स्लॅब चांगला गुलाबी होता, गरम दुधात ढवळला आणि कपात उतरलं ते राखाडी-मातकट काहीतरी. चॉकलेट नकली होतं, की कृती चुकली?

बहुधा दोन्ही नाही. खरं रूबी दुधात असंच वागतं. उलट दुधात विरघळूनही ते झगझगीत गुलाबी राहिलं असतं, तर मी पाकिटामागची घटकांची यादी पुन्हा वाचली असती. माझाही पहिला कप असाच झाला होता. "रंग बघच आता," असं म्हणत मैत्रिणीपुढे ठेवला, तर ती आत डोकावून म्हणाली, "फार दूध घातलेला चहा आहे का गं?"

रूबीचा रंग वरून घातलेला नसतो. कोकोची ताजी बी आतून बरेचदा जांभळी असते, कारण तिच्यात अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात. एरवी बिया आंबवतात, वाळवतात, भाजतात. त्यात हा जांभळा जातो आणि आपल्या ओळखीचा तपकिरी येतो. रूबीत तो राखलेला असतो. बॅरी कॅलेबो या कंपनीने सप्टेंबर २०१७मध्ये शांघायला हे चॉकलेट पहिल्यांदा लोकांपुढे आणलं, पुढच्याच वर्षी जपानमध्ये त्याचं किटकॅटही निघालं, पण बियांवर नेमकं काय करतात ते कंपनी बाहेर सांगत नाही. घटकांच्या यादीत मात्र सायट्रिक आम्ल दिसतं. गोम तिथेच आहे.

शाळेतला लाल कोबीच्या पाण्याचा प्रयोग आठवा. लिंबू पिळलं की लालगुलाबी, खायचा सोडा टाकला की निळं-हिरवं. ती करामत अँथोसायनिनचीच. स्लॅबमध्ये आम्ल असतं आणि पाणी जवळजवळ नसतं, म्हणून गुलाबी टिकून राहतो. दुधाचा पीएच साधारण ६.७, म्हणजे जवळपास उदासीन, आणि दूध म्हणजे बहुतांशी पाणीच. चॉकलेट त्यात गेलं की आम्ल पातळ होतं, गुलाबी जांभळटाकडे झुकतो, मग करडा होतो. वर कोकोचा थोडा तपकिरीपणा असतोच. झाला मातकट.

मग लिंबू पिळावं, असं तुमच्याही मनात येईल. माझ्या आलं होतं. अर्धा चमचा रस घातला, एक क्षण रंग उजळल्यासारखा वाटला, आणि पातेल्याच्या कडेला पांढरे कण दिसू लागले. दोन मिनिटांत फिकट गुलाबी पाणी एकीकडे आणि चोथा दुसरीकडे. साठ ग्रॅम महागडं चॉकलेट मोरीत. रंग राखण्याइतकं आम्ल घालेपर्यंत गरम दूध कधीच हात टेकतं.

तर उपाय बीट. "म्हणजे फसवणूकच की," असं वाटेल, आणि थोडी आहेच. पण बीटचा रंग वेगळ्या कुळातला. तो बीटालेन गटातला आहे आणि साधारण ३ ते ७ पीएचमध्ये तसाच राहतो, म्हणजे दुधात त्याला काही होत नाही. त्याचा शत्रू उष्णता. उकळत ठेवलात तर तोही तपकिरी पडतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर घालायचा. चव देणारं रूबी, रंग देणारं बीट, असा माझा आता कायमचा करार आहे.

एका मोठ्या कपाला मी २०० मिली सायीचं दूध, दोन मोठे चमचे क्रीम आणि ६० ग्रॅम रूबी घेते. साखर अजिबात नाही, रूबी गोडच असतं. चिमटीच्या टोकावर मावेल एवढं मीठ मात्र घालाच. त्याने तो फळासारखा आंबटपणा उठून येतो. कोको पावडरचा मोह टाळा, ती पडली की गुलाबीचा विषय संपला.

चॉकलेट बारीक चिरून वाडग्यात घ्या. दूध आणि क्रीम एकत्र तापवा, पण उकळी आणू नका. कडेला बारीक बुडबुडे धरले, वाफ दिसायला लागली की उतरवा आणि मिनिटभर थांबा. मग त्यातलं तीन-चार चमचेच चॉकलेटवर ओता. सगळं दूध एकदम ओतायचं नाही, आणि सगळं चॉकलेट पातेल्यात लोटायचं तर त्याहून नाही. तळाशी चिकटून करपलेल्या दुधी चॉकलेटचा वास कशानेही जात नाही.

आता इथे घाबरायचं नाही. पहिले दोन-तीन चमचे पडले की मिश्रण आटल्यासारखं होतं, चमक जाते, दाणेदार गोळा होतो आणि वाटतं, बिघडलं. चॉकलेटला थोडंसं पाणी लागलं की साखर आणि कोकोचे कण ते शोषून एकमेकांना धरून बसतात, त्याचा हा प्रकार. उपाय म्हणजे आणखी दूध. वाडग्याच्या मध्यातून लहान गोल काढत व्हिस्क फिरवा आणि चमचा-चमचा दूध घालत राहा. पाचव्या-सहाव्या चमच्याला गोळा सैल पडतो, मधोमध एक चकचकीत ठिपका दिसतो आणि बघता बघता तो कडेपर्यंत पसरतो. ती चमक आली की उरलेलं दूध बिनधास्त ओता. हे न करता घाईत ढवळलेल्या हॉट चॉकलेटवर तुपाचे असतात तसे थेंब तरंगतात.

यानंतर बीट. पावडर असेल तर पाव छोट्या चमच्याहून कमीपासून सुरुवात करा, आधी चमचाभर कोमट दुधात कालवून घ्या, नाहीतर तळाशी लाल ठिपके बसतात. पावडर नसेल तर कच्चं बीट किसून गाळणीत दाबा आणि त्या रसाचा अर्धा छोटा चमचा घाला. त्यापुढे जाऊ नका. बीटला पहिल्या पावसाच्या मातीचा वास असतो, जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे. बाहेर कितीही आवडला तरी कपात नको असतो. व्हॅनिलाचे दोन थेंब तो झाकतात. फेस काढणार असाल तर रंग हवा त्यापेक्षा थोडा गडद ठेवा, हवेच्या बुडबुड्यांनी तो फिकट दिसतो. आणि कप आतून पांढराच घ्या. काळ्या मगात चांगला गुलाबीसुद्धा उदास दिसतो.

रास्पबेरी किंवा स्ट्रॉबेरीची फ्रीझ-ड्राय पावडर घालावी का? चवीला रूबीशी तिचं छान जमतं, पण रंगाला फारसा भरवसा नाही. तीही अँथोसायनिनवरच चालते आणि दुधात जांभळटच होते. शिवाय जास्त घातली तर तिच्या आंबटपणाने दूध फाटू शकतं. मी फक्त फेसावर भुरभुरवते. पहिली पाच मिनिटं लालचुटूक दिसते, फोटो काढायला तेवढी पुरे.

नकली म्हणाल तर लेबलवर बघा. कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल आणि सोबत खायचा रंग लिहिला असेल, तर ते गुलाबी कंपाउंड आहे. त्याचं पेय दुधातही मस्त गुलाबी होतं, गंमत म्हणजे, पण रूबीचा आंबूसपणा त्यात नसतो. तुम्हाला फक्त रंगच हवा असेल, तर पांढरं चॉकलेट आणि बीट यांत काम भागतं, पैसेही वाचतात. रूबी घ्यायचं ते चवीसाठी. उरलेला स्लॅब फॉइलमध्ये गुंडाळून, बंद डब्यात, अंधाऱ्या थंड कपाटात ठेवा. उजेडाने आणि हवेने तो नुसता पडल्या पडल्याही फिका होतो.

केलेलं पेय उरलं तर परत तापवू नका, बीटचा रंग उतरतो. फ्रिजमध्ये ते दाटसर होतं. थोडं गार दूध घालून घुसळा आणि तसंच थंड प्या. मला तर ते गरमपेक्षा जास्त आवडतं, आंबटपणा थंडात स्पष्ट कळतो.