किलवर की बदाम?

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त सहा वर्षे इटलीत, तोरिनोमध्ये राहतो. इथे आल्यापासून जुन्या इटालियन शर्यतीच्या सायकलींचा नाद लागला आहे. घरात एक बियांकी आहे. फ्लॅटमध्ये आणखी एकच मावेल आणि मी दोन हेरून ठेवल्या आहेत. पहिली कोलनागो सुपर. विकणारा ती 1974 ची सांगतो. नुकतीच ‘सारोनी लाल’ रंगात रंगवलेली आहे, स्टिकर नवे, क्रोम लखलखीत. मागच्या डिरेलरवर (गिअर बदलणाऱ्या यंत्रावर) ‘पेटंट-78’ असे उठवलेले आहे. माप 55, किंमत 1900 युरो. दुसरी दे रोझा, 1980-81 च्या सुमाराची. निळ्या रंगाचे टवके उडालेत, आडव्या नळीवर गंजाचे ठिपके आहेत, स्टिकर अर्धेमुर्धे उरलेत. मात्र ती पहिल्याच मालकाच्या घरातून निघते आहे. माप 53, किंमत 1400 युरो. दोन्हींना सामान कांपान्योलो कंपनीचे. माझी उंची पाच फूट सात इंच. पुढच्या ऑक्टोबरात लेरोइकामध्ये, म्हणजे जुन्या सायकलींच्या सफरीत, उतरायचे आहे. बायको म्हणते, लाल घ्या, भिंतीला शोभेल. तुम्ही असता तर कोणती घेतली असती?
— एक वाचक, तोरिनो

उत्तर : मी दे रोझा घेतली असती. दोन अटींवर, त्या शेवटी सांगतो.

पण आधी कोलनागोबद्दल, कारण तिला नाही म्हणणे मला जड जाते. मिलानच्या ईशान्येला कांब्यागो नावाचे गाव आहे, तिथल्या एर्नेस्तो कोलनागोंनी 1954 मध्ये स्वतःचे काम सुरू केले. 1970 साली मिकेले दांचेल्लीने त्यांच्या सायकलीवर मिलान-सान रेमो जिंकली. ती शर्यत इटालियन माणसाने जिंकून सतरा वर्षे झाली होती. त्या विजयानंतर कोलनागोंच्या सायकलींवर किलवरचा एक्का आला. 1972 च्या ऑक्टोबरात बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत तासाभरात 49.431 किलोमीटर कापले, तेही कोलनागोंनी बांधलेल्या सायकलीवर. ती सायकल ब्रसेल्समध्ये मर्क्सच्याच नावाच्या मेट्रो स्थानकात काचेआड ठेवली आहे. ती पाहायला मी खास त्या स्थानकावर उतरलो होतो आणि दोन गाड्या सोडल्या होत्या. तेव्हा किलवरला मी कमी लेखतो असे समजू नका. माझी तक्रार कोलनागोशी नाही, तुम्हाला दाखवलेल्या या एका सायकलीशी आहे.

रंगाकडेच बघा. इटालियन सायकलपटू ज्युझेप्पे सारोनी 1977 मध्ये व्यावसायिक झाला आणि 1982 मध्ये इंग्लंडात गुडवूडला विश्वविजेता. शेवटच्या चढावर तो असा सुटला की इटलीत त्या झेपेला आजही ‘बंदुकीची गोळी’ म्हणतात. त्याच्या नावाचा लाल रंग त्या काळातला. 1974 मध्ये सारोनी सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता. म्हणजे सायकल खरोखरच 1974 ची असेल, तर हा रंग तिचा नव्हे. आणि रंग तिच्या काळाला धरून असेल, तर साल चुकीचे सांगितले जाते आहे. दोन्ही एकदम खरे असणे शक्य नाही.

डिरेलरवरचा 78 हा डिरेलरचा जन्म सांगतो, सायकलीचा नव्हे. चार वर्षे शर्यती मारल्यावर कोणीही डिरेलर बदलेल, त्यात वावगे काही नाही. म्हणून एका आकड्यावर न थांबता बाकीचे सामान तपासा. सत्तरच्या दशकातल्या क्रँकच्या पाठीला पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची बारीक खूण असते, तिच्या आत वर्षाचा शेवटचा आकडा. हबच्या लॉकनटवरही पुष्कळदा वर्षाचे दोन आकडे सापडतात. मग सांगाड्याकडे वळा. मागच्या चिमट्याच्या आतल्या बाजूंमधले अंतर मोजा : 120 मिलिमीटर असेल तर ती पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलसाठी बांधली होती, 126 असेल तर सहाच्या. ब्रेकची केबल आडव्या नळीवर पट्ट्यांनी आवळली आहे की तिच्यासाठी नळीवर कड्या झाळल्या आहेत, तेही बघा. पट्ट्या असणे हे जुनेपणाचे लक्षण. या सगळ्या खुणा एकाच सालाच्या आसपास आल्या, तर विकणाऱ्यावर विश्वास ठेवा. माझा अंदाज, त्या 78 च्या आसपास येतील. 78 ची कोलनागो सुपर ही उत्तमच सायकल आहे. पण ती 74 ची म्हणून का विकावी?

नव्या रंगाला मी एवढा का भितो, ते सांगतो. मी पुण्यात टूलरूममध्ये शिकलो आणि पुढे सोळा वर्षे ब्रेशाच्या एका यंत्रकारखान्यात होतो. तिथल्या चौथ्या वर्षी जुन्या सायकलींच्या बाजारात चिनेल्ली या इटालियन नावाची एक रुपेरी सायकल पाहिली. रंग आरशासारखा, स्टिकर जागच्या जागी. पगाराच्या निम्मे पैसे मोजून घेतली. व्हर्निअर माझ्या पिशवीतच होता, तो बाहेर काढावासा वाटला नाही. घरी आणून सीट पिलर ओढला तर तो 26.8 मिलिमीटर निघाला. अशा सायकली ज्या नळ्यांच्या बांधत, त्या कोलंबस कंपनीच्या एस.एल. नळ्यांना 27.2 चा पिलर लागतो, जाड एस.पी. नळ्यांना 27. मग बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस बसतो ती जागा, उघडला. इटालियन कवच 70 मिलिमीटर रुंद असते आणि दोन्ही बाजूंना उजवे आटे. माझ्या हातात आले 68 आणि एका बाजूला डावे आटे, म्हणजे इंग्रजी. एवढ्यावरून सायकल नकली ठरत नाही, कारण परदेशी पाठवायच्या काही इटालियन सायकलींनाही इंग्रजी आटे पाडत. म्हणून खालचा रंग थोडा खरवडला. पुढच्या नळीजवळ लगाची, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या बाहीची, कड नखाला लागतच नव्हती, तिथे पुटी भरलेली होती. पुटी काढली तर खालच्या नळीच्या पोटाला आडवी सुरकुती दिसली. समोरून कुठेतरी जोरात धडकलेली, कोणा भलत्याच कारागिराची सायकल होती ती. तिच्यावर मी कधीच बसलो नाही. रंग फक्त गंज झाकतो असे मला तोवर वाटत होते.

म्हणूनच तुमची ती टवके उडालेली दे रोझा मला आवडली. तिच्याजवळ लपवायला काहीच नाही. इटलीतले जुने संग्राहक सायकलीकडे बघून दोनच शब्द उच्चारतात : ‘कोन्सेर्वातो’, म्हणजे जशी होती तशी राखलेली, आणि ‘रेस्ताउरातो’, म्हणजे नव्याने सजवलेली. पहिला शब्द ते हळू आवाजात, आदराने म्हणतात. सजवलेली सायकल पुन्हा कितीही वेळा सजवता येईल. राखलेली एकदा रंगवली की संपली.

ऊगो दे रोझा मिलानच्या उत्तरेला कुझानो मिलानिनोत काम करायचे. 1934 चा जन्म, 2023 च्या मार्चमध्ये गेले. मर्क्सच्या मोल्तेनी संघाच्या सायकली 1973-74 पासून त्यांच्याकडे आल्या, आणि 1974 हे मर्क्सचे ते वर्ष, ज्यात त्याने इटलीची जिरो शर्यत, फ्रान्सची तूर शर्यत आणि विश्वविजेतेपद तिन्ही घेतले. पुढे 1980 मध्ये मर्क्सने बेल्जियममध्ये स्वतःचा सायकलींचा कारखाना काढला, तेव्हा ते काम शिकवायला दे रोझाच गेले. तुमची सायकल नेमकी त्याच सुमाराची आहे. तिच्या लगांवर बदाम कोरलेले असतील. टॉर्च लावून त्या बदामाच्या कडा बघा, आणि लग जिथे नळीला मिळतो तिथे बोट फिरवा. लगाची टोके कानशीने इतकी पातळ उतरवलेली असतात की नळी कुठे संपली आणि लग कुठे सुरू झाला ते बोटाला जेमतेम कळते. त्या कडेने पितळेची बारीक पिवळी रेघ कुठे उघडी पडलेली दिसली, तर थोडा वेळ तिथेच थांबा. ती झाळ चाळीस वर्षांपूर्वीची आहे. नव्या रंगाच्या तीन थरांखाली हे काहीच दिसत नाही.

आता मापाचा घोळ. 55 आणि 53 वाचून तुम्हाला कोलनागो दोन सेंटिमीटरने मोठी वाटत असेल. कोलनागोंकडे माप बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत घेत, दे रोझांकडे मध्यापासून आडव्या नळीच्या मध्यापर्यंत. दोन्ही एकाच रीतीने मोजल्या तर फरक जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरेल. पाच फूट सात इंचाला दोन्ही बसतील. टेप घेऊन स्वतः मोजा, आणि आडव्या नळीची लांबी आधी मोजा, कारण पाठ दुखते ती त्या लांबीमुळे.

लेरोइकासाठी दोन्ही चालतील. तोस्कानातल्या गायोले इन क्यांती गावी 1997 मध्ये 92 जणांनी ती सुरू केली. सायकल 1987 पर्यंतची हवी, गिअरचे खटके खालच्या नळीवर हवेत, पायडलला पट्टे हवेत आणि ब्रेकच्या केबली हँडलवरून बाहेर निघालेल्या हव्यात. मात्र ते पांढरे कच्चे रस्ते आणि त्यांवरचे चढ मनावर घ्या. या क्रँकना पुढचे लहान चक्र कमीत कमी 41 दातांचे बसते, तुमच्याकडे बहुधा 42 चे असेल. मागे 26 दातांची चकती असलेले फ्रीव्हील आत्ताच शोधायला लागा. 21 दातांवर बोरघाट चढलेले गडी मी पाहिले आहेत, पण त्यांच्या चाकाखाली डांबर होते.

एक काम निघायच्या आधी कराच, ते मी कळकळीने सांगतो. त्या काळातले कांपान्योलोचे क्रँक देखणे आहेत, पण उजव्या क्रँकचा दांडा जिथे चक्राच्या पाच बोटांना मिळतो, त्या कोपऱ्यात पुष्कळांना चीर जाते. क्रँक काढा, ती जागा रॉकेलने स्वच्छ पुसा आणि भिंगातून बघा. केसाएवढी रेघ दिसली तरी तो क्रँक शोकेसमध्ये ठेवा, सायकलीला लावू नका. हँडल आणि त्याचा स्टेमही तसाच बघा. अॅल्युमिनियम चाळीस वर्षांनी न सांगता मोडते, आणि ते उतारावर मोडते. हँडल बदलावे लागले तर दुकानात जाण्याआधी मधला व्यास मोजा. जुन्या चिनेल्लीचे 26.4 मिलिमीटर असते, इतरांचे बहुधा 26 च्या आसपास, आणि एकाचे दुसऱ्याच्या स्टेममध्ये जबरदस्तीने आवळणे धोक्याचे.

गंजाच्या ठिपक्यांना घाबरू नका. मऊ फडके आणि पातळ तेल घ्या, आठवडाभर रोज थोडे पुसा, मग मेण लावा. सँडपेपर घरात आणू नका. स्टिकरच्या अर्ध्या उरलेल्या अक्षरांना हातही लावू नका. वहिनींना माझ्याकडून सांगा, की निळी दे रोझा खिडकीजवळच्या भिंतीवर, आडव्या उन्हात टांगून एकदा बघावी. लाल रंग लांबून शोभतो. हा निळा जवळून बघायचा आहे.

आता त्या दोन अटी. पहिली, सीट पिलर हलला पाहिजे. अॅल्युमिनियमचा पिलर पोलादी नळीत वर्षानुवर्षे एकाच जागी राहिला, तर आतून चिकटून बसतो, आणि मग तो करवतीने कापून काढण्यावाचून इलाज उरत नाही. मालकासमोर नट ढिला करा आणि पिलर फिरवून बघा. मालक घाईत असेल तर परत फिरा. पिलर बाहेर आला की व्हर्निअर लावा, 27.2 दिसायला हवे.

दुसरी, सांगाडा सरळ हवा. मागचे चाक काढून एक दोरा घ्या. मागच्या चिमट्याच्या एका टोकाला बांधा, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला ताणून आणा. दोन्ही बाजूंना दोरा आणि सीटची नळी यांच्यातले अंतर मोजा. एक मिलिमीटर इकडेतिकडे चालेल, तीन चालणार नाहीत. मग खालच्या नळीच्या पोटावरून, पुढच्या नळीपासून चार बोटे मागे, डोळे मिटून अंगठा फिरवा. उंचवटा लागला तर 1400 युरो खिशातच राहू द्या.

दोन्ही अटी पाळल्या गेल्या तर कोलनागोपेक्षा वाचलेले पाचशे युरो नव्या ट्युब्युलर टायरांवर, केबलींवर आणि सगळ्या छऱ्यांवर घाला. बॉटम ब्रॅकेट उघडाल तेव्हा उजवा कप पुरेशा जोराने आवळून घ्या. इटालियन आट्यांत तो पायडल मारता मारता सैल होत जातो, आणि क्यांतीच्या धुळीत तो हातपान्याने परत बसणार नाही.