डोक्याला मार लागल्यावर मेंदूला रक्त पुरेशा दाबाने पोचतंय का, हे कवटीला भोक न पाडता कळतं का?

तुमच्या वडिलांच्या सीटीत मेंदूला सूज दिसली आणि डॉक्टर म्हणाले, कानशिलावर डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारं यंत्र) लावून दाबाचा अंदाज घेऊ. त्यावर विसंबावं का, असं तुम्ही विचारलंय. मी रत्नागिरीत भूलतज्ज्ञ आहे. माझं उत्तर, विसंबा; पण एकट्या आकड्यावर नको, तो कुठे सरकतोय त्यावर.

भर पावसात भरती लागली की वाशिष्ठीचं पाणी खाडीत उतरत नाही, चिपळुणात चढतं. वरून नदी येतच असते, समोरून समुद्र अडवतो. सुजलेल्या मेंदूचं तसंच. सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा करा. उरतो तो मेंदूला रक्त पोचवणारा दाब. डोक्याच्या दुखापतीत तो ६० ते ७० (रक्तदाबाच्याच एककात, मिलिमीटर पारा) राखायची धडपड असते. कवटीतला दाब नेमका मोजायचा तर भोक पाडून आत तार सोडावी लागते. आमच्याकडे ती सोय नाही, पेशंटला आंबा घाटातून कोल्हापूरला न्यावं लागतं.

कानशिलाच्या पातळ हाडातून मेंदूच्या धमनीतल्या रक्ताचा वेग डॉप्लरने मोजता येतो, हे रूने आस्लीड या संशोधकाने १९८२ मध्ये दाखवलं. मी त्यात बघते ते दोन ठोक्यांच्या मधलं रक्त. हृदय ढकलत नसतानाही ते वाहत राहायला हवं. कवटीतला दाब वाढला की आधी तेच मंदावतं.

म्हणून मेंदूला रक्त पोचवणाऱ्या दाबाचा अंदाज घ्यायला एक सूत्र वापरतात. या मधल्या वेगाला सरासरी वेगाने भागायचं, सरासरी रक्तदाबाने गुणायचं, १४ मिळवायचे. समजा रक्तदाब १२०/७५, म्हणजे सरासरी ९० (खालच्या आकड्यात दोन्हींच्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवून). मधला वेग ४० आणि सरासरी ५७ असेल तर उत्तर ७७ च्या आसपास. सूज वाढून तेच २० आणि ४५ झाले तर ५४. दंडावरचा रक्तदाब मात्र जिथल्या तिथे! हे बघून पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला होता.

या अंदाजात दहाएक एककांची चूक सहज होते. पेशंट व्हेंटिलेटरवर जोरात श्वास घेत असेल तर कार्बन डायऑक्साइड उतरतो, धमन्या आवळतात आणि मधला वेग कवटीतला दाब न वाढताही पडतो. काही जणांचं, विशेषतः वयस्कर बायकांचं, हाड इतकं जाड असतं की लहरी आत जातच नाहीत.

डॉप्लरऐवजी सीटी परफ्यूजन, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारा सीटी, केला तर? त्यातून दाब कळत नाही, रक्ताचा प्रवाह कळतो. दाब पडला तरी मेंदू धमन्या रुंदावून बराच वेळ प्रवाह सांभाळतो, त्यामुळे प्रवाहाचं चित्र ठीक दिसलं तरी निर्धास्त राहता येत नाही.

डॉक्टरांना एवढंच विचारा, कालच्या मानाने मधला वेग कमी झालाय का, आणि दोन्ही वेळी रक्तदाब नि कार्बन डायऑक्साइड सारखे होते का. वडिलांच्या एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली किंवा शुद्ध हरपत चालली, तर डॉप्लरसाठी थांबू नका, तसेच पुढे न्या.